गुलाबी पायपुसणं

तिसऱ्या कापडाची एकच कड राहिली होती, तेवढ्यात अर्नेस्टीन टॉलिव्हरला श्वास पुरेनासा झाला. तिने इस्त्री उभी करून ठेवली, भिंतीतली पिन काढली आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. चौथं कापड, सगळ्यांत मोठं, अजून फ्रिजमध्येच होतं. खळीचं पाणी शिंपडून, घट्ट गुंडाळून, पावाच्या रिकाम्या पिशवीत घातलेलं. कापड असं रात्रभर गारव्यात राहिलं की इस्त्रीखाली सुरकुती हट्ट करत नाही. ही युक्ती सासूची. सासू गेल्यापासून एकतीस वर्षं चर्चच्या मंडळीतल्या प्रभुभोजनाच्या मेजाची कापडं अर्नेस्टीनच्याच हातून निघत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी मेजावर तीच अंथरायची, ताटल्या-पेल्यांवर तीच झाकायची आणि पाळकांनी मान हलवली की पुढे होऊन दोन्ही हातांनी वरचं कापड उचलून तीच घडी घालायची. त्या वेळी दोनशे माणसांच्या उपासनेत कापडाची सळसळ ऐकू येईल एवढी शांतता असे. आता माणसं साठ राहिली होती, पण शांतता तेवढीच होती.

उद्या पहिला रविवार होता.

पूर्वी चारही कापडं एका दमात व्हायची. उन्हाळ्यात मधे एकदा टेकावं लागायला लागलं. आज तिसऱ्या कापडापर्यंत ती तिसऱ्यांदा बसली होती.

दाराशी पांढरे बूट पॉलिश करून ठेवलेले होते. पहिल्या रविवारी मंडळीतल्या मदर, म्हणजे वयाने आणि भक्तीने थोर ठरलेल्या बायका, टोपीपासून बुटांपर्यंत पांढऱ्यात येऊन पहिल्या बाकावर बसतात. बसल्या बसल्या घालून बघावेत म्हणून तिने बूट ओढले. डाव्यात बोटं गेली, टाच गेली नाही. उजव्यात बोटंही अडली. मोजा खाली सारला तर घोट्याच्या वर खोल वळ उमटलेला.

“उकाड्याने,” ती स्वतःशीच म्हणाली. बाहेर ऑक्टोबर होता आणि खिडकी उघडी ठेवली की शाल लागत होती.

पण सूज असती तर वजनाच्या काट्याने सांगितलं असतं. काटा तर सकाळीच एकशे चौसष्ट पौंड म्हणाला होता. जूनमध्ये हॉस्पिटलमधून सोडलं तेव्हाही तो एकशे चौसष्टच म्हणत होता.

ह्या वर्षात ती दोनदा हॉस्पिटलात राहून आली होती, फेब्रुवारीत आणि जूनमध्ये. पहिल्या वेळी डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं तेव्हा तिला आधी रागच आला होता. हृदय फेल. एकाहत्तर वर्षं इमानाने धडधडणाऱ्या हृदयाला ह्या पोरसवदा माणसाने नापास कसं केलं? मग त्याने कागदावर चित्र काढून समजावलं की हृदय बंद पडलेलं नाही, त्याचा रेटा कमी झालाय. त्यामुळे अंगातलं पाणी निघून जात नाही, आधी पायांत उतरतं आणि मग फुप्फुसांत चढतं. म्हणून रोज सकाळी उठल्यावर, खाण्याआधी, अनवाणी वजन करायचं. एका दिवसात तीन पौंड किंवा आठवड्यात पाच पौंड वाढलं की फोन करायचा. वजन म्हणजे पहारेकरी, असं समजा. काटा त्यांनीच दिला होता, अंगातलं पाणी काढणारी पाण्याची गोळीही. आणि मीठ सोडायला सांगितलं होतं.

काटा तिने जिवापाड सांभाळला. तीसएक वर्षं ती एक रोजची वही ठेवत आली होती. वर तारीख, खाली त्या दिवशी मनात धरलेलं वचन, मग हवा, मग कोणासाठी प्रार्थना केली त्यांची नावं. मार्चपासून त्यात वजनाची भर पडली. वचनाखाली वजन. सुरुवातीला तिला ते जरा पाप वाटलं, देवाच्या शब्दाखाली स्वतःच्या अंगाचे पौंड. मग सवय झाली. एकशे चौसष्ट, एकशे त्रेसष्ट, कधी एकशे पासष्ट, पुन्हा चौसष्ट. जुलैपासून वहीची पानं अशी सरळ रेषेत चालली होती.

नऊच्या ठोक्याला फोन यायचा. हॉस्पिटलचाच, पण माणसाचा नाही, भरून ठेवलेल्या आवाजाचा. मधाळ बाईचा आवाज होता. ती म्हणे, सुप्रभात, आजचं वजन दाबा. अर्नेस्टीन एक, सहा, चार दाबायची. बाई म्हणे, आभारी आहोत, तुमचा दिवस चांगला जावो. “तुझाही जावो, बाळ,” असं अर्नेस्टीन रोज म्हणायची. ते कोणी ऐकत नाही हे तिला माहीत होतं. पण कित्येक दिवस असे जात की ह्या बाईनंतर संध्याकाळपर्यंत तिने दुसऱ्या कोणाशी तोंड उघडलेलं नसे. मुलगी चार्लसेटा दूर उत्तरेला मिलवॉकीत, तिचा फोन रविवारचा रविवारी. नवरा चार्ल्स जाऊन नऊ वर्षं झाली होती. आणि मेम्फिसच्या उत्तर भागातल्या त्या हॅकबेरी स्ट्रीटवर, जिथे तिच्या लग्नाच्या वेळी बावीस घरं होती, तिथे आता पाच उरली होती. बाकीची आधी रिकामी पडली, मग त्यांना फळ्या ठोकल्या, मग पालिकेने पाडली. पाडताना समोरच्या सिमेंटच्या पायऱ्या मात्र तशाच ठेवल्या. गवतात तीन-तीन पायऱ्या उभ्या, वर काहीच नाही.

किराण्याचं मोठं दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली होती. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात सिगारेटी, बटाट्याचे काप आणि डबाबंद भाज्या मिळायच्या. मीठ सोडा म्हणणाऱ्या आहारवाल्या बाईने ताजी भाजी खा म्हणून रंगीत कागद दिला होता. कागद छान होता. अर्नेस्टीन डब्यातली कॉलर्ड ह्या पालेभाजीची पानं, मीठ जावं म्हणून, चाळणीत घालून नळाखाली तीनदा धुवायची, देवाचं नाव घ्यायची आणि खायची. औषधांचं दुकान गेल्या वर्षी बंद झालं, तेव्हापासून गोळ्यांसाठी दोन बस बदलाव्या लागायच्या.

पाण्याच्या गोळीचं एक बरं-वाईट होतं. घेतली की अर्ध्या तासात ती लघवीला उठवायची आणि दोन-तीन तास बसू द्यायची नाही. बसमध्ये काय करणार? म्हणून बसच्या दिवशी ती गोळी घेत नसे. रविवारीही नाही. पहिल्या बाकावरची मदर प्रवचन चालू असताना उठून बाहेर जाते, मग परत येते, मग पुन्हा जाते, हे तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि दाखवणारही नव्हती. बुधवारच्या प्रार्थनेला नाही. कोणाची मयत असली तर त्या दिवशी नाही, आणि तिच्या वयात मयती पुष्कळ. ज्या दिवशी घ्यायची त्या दिवशी मात्र ती सकाळीच घ्यायची, कारण बाटलीवर ‘सकाळी’ असं छापलेलं होतं.

जूननंतर चार्लसेटाने फोनवर सरळच सांगून टाकलं होतं. आई, तिसऱ्यांदा हॉस्पिटलात गेलीस तर मी ट्रक घेऊन येणार आणि तुला इकडे आणणार. घराचं काय करायचं ते पालिका बघेल. रागाने नाही म्हणाली, रडत म्हणाली, म्हणून ते जास्त खरं वाटलं. अर्नेस्टीनला मिलवॉकी माहीत होती. नवव्या मजल्यावरचं घर, खाली बर्फ, आणि तिला ‘मदर’ म्हणणारं कोणी नाही. त्या दिवसापासून तिने एकच गोष्ट देवाजवळ मागितली होती: तिसरी वेळ नको. आणि रोज सकाळी काटा म्हणत होता, नाही, नाही.

मागच्या दारावर टकटक झाली. टकटकीआधीच गवत कापायच्या यंत्राची फटफट थांबलेली तिने ऐकली होती, म्हणजे मंडळीचा सेवक, डीकन ईझेल बीझली आला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, तिच्या मागच्या गल्लीतला, विधुर. नजर अधू झाली म्हणून सरकारने त्याचा गाडीचा परवाना काढून घेतला, तेव्हापासून तो गवत कापायच्या यंत्रावर बसून सगळ्या वस्तीत फिरायचा. मागे हातगाडीएवढा गाडा जोडलेला. यंत्राला परवाना लागत नाही, असं त्याचं म्हणणं. आज गाड्यावर प्लायवूडचा तुकडा आणि हातोडी होती. न्हाणीघरातली टबाजवळची फळी सडली होती, ती बदलून देईन असं तो जुलैपासून म्हणत होता.

“ऑक्टोबर लागला, डीकन,” अर्नेस्टीन खुर्चीवरूनच म्हणाली.

“चांगलं लाकूड मुरावं लागतं. आणि तू बसलीस काय? घरात पाहुणा आला, तर उठून उभं राहायची रीत आहे.”

“पाहुणा असता तर उठले असते.”

त्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग तो न्हाणीघरात गेला. दर वर्षी नाताळात तो तिला लग्नाचं विचारायचा आणि दर वर्षी ती म्हणायची, आधी परवाना मिळवा. त्यात दोघांनाही काही वावगं वाटत नसे.

सडलेल्या फळीवर मंडळीतल्या बायकांनी मदर्स डेला दिलेलं पायपुसणं घातलेलं होतं. गुलाबी, केसाळ, दुहेरी घडी करून, म्हणजे पाय खचू नये. त्याच्यावर काटा. आधी काटा उघड्या फरशीवर होता, पण फरशी खाली-वर असल्याने तो डुगडुगायचा आणि आकड्याऐवजी दोन आडव्या रेघा दाखवायचा. जुलैत पायपुसण्यावर ठेवला तसा शहाण्यासारखा वागायला लागला. पायांना गारही लागत नसे.

आतून डीकनच्या हसण्याचा आवाज आला. पोट धरून हसणं, भिंतीला टेकून.

“अर्नेस्टीन, मला इथेच राहायला दे. लग्न नको करूस, फक्त न्हाणीघर भाड्याने दे.”

“काय झालं?”

“गुरुवारी माजी सैनिकांच्या दवाखान्यात दोनशे अकरा भरलो. त्या नर्सने माझ्या मक्याच्या पावावर बंदी घातली. आणि तुझ्या काट्यावर एकशे शहाण्णव. दोन दिवसांत पंधरा पौंड उतरलो मी. पँट सांभाळायला हवी.”

अर्नेस्टीन हसली नाही. ती उठून दारापर्यंत आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. डीकन अजून काट्यावरच होता, मजेत एका पायावरून दुसऱ्यावर डुलत.

“बूट काढलेत?”

“बुटांसकट एकशे शहाण्णव.”

“परत उतरा. परत चढा.”

तो उतरला, चढला. एकशे सत्त्याण्णव. तिचा चेहरा पाहून त्याचं हसणं आपोआप उतरलं. तो खाली वाकला, अधू डोळे काट्याच्या अगदी जवळ नेले आणि हाताने पायपुसणं चाचपलं. म्हणाला की काट्याचे चार पाय ह्या केसांत रुतलेत आणि त्याचं पोट टेकलंय. पायांवर येतं तेवढंच तो मोजतो, उरलेलं गादी खाते. माणूस जितका जड तितका काटा जास्त रुतणार. सुतारकाम केलेला माणूस, त्याला सांगता सांगताच कळत गेलं की आपण काय सांगतोय.

“तो घ्या आणि मागे आणा,” ती म्हणाली.

मागच्या दाराबाहेर सिमेंटचा सपाट कट्टा होता. चार्ल्सने स्वतः पाणसळ लावून ओतलेला, शेगडी ठेवायला. डीकनने काटा तिथे ठेवला आणि पाठ फिरवली, कारण बाईमाणसाचं वजन पाहू नये. अर्नेस्टीनने सपाता काढल्या, भिंतीला धरून वर पाय ठेवला, मग हात सोडला.

एकशे सत्त्याहत्तर.

ती उतरली. थांबली. श्वास घेतला. पुन्हा चढली. एकशे सत्त्याहत्तर. तिसऱ्यांदा तिने आधी डोळे मिटले आणि मग उघडले. आकडा तिथेच होता.

डीकन शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहत म्हणाला, “किती?”

“तेरा जास्त.”

त्याला मिलवॉकीचं माहीत होतं. ती गेली तर ह्या बाजूला फटफट थांबवण्यासारखं एकही दार राहणार नव्हतं, हेही त्याला माहीत होतं. शेवटी तो हळूच म्हणाला की आज शनिवार आहे, डॉक्टर लोक घरी असतात. उद्याचं प्रभुभोजन होऊन जाऊ दे. जुलैपासूनचं पाणी आहे, एका दिवसाने काय बिघडतंय? काटा तुझा, वही तुझी. मी काही पाहिलं नाही, मी तर पाठमोरा होतो.

अर्नेस्टीनला त्याचा राग आला नाही. तिच्याही मनात नेमकं तेच आलं होतं, शब्दाशब्दाने. ती फक्त म्हणाली, “फळी बसवा तुम्ही,” आणि आत गेली.

स्वयंपाकघराच्या टेबलावर वही होती. तिने मागची पानं उलटली. सप्टेंबर, ऑगस्ट, जुलै. वचन, त्याखाली एकशे चौसष्ट. वचन, एकशे त्रेसष्ट. तिच्या वळणदार अक्षरात, निळ्या शाईत, एकही दिवस न चुकवता. ही वही म्हणजे आपली साक्ष, असं ती समजत आली होती. आपण गेल्यावर चार्लसेटाने ती उघडावी आणि म्हणावं, आई अशी जगली. आणि इथे शंभर दिवस देवाच्या शब्दाखाली खोटं लिहिलेलं होतं. तिने मुद्दाम लिहिलं नव्हतं, हे देवाला ठाऊक होतं. पण आजपासून तिलाही ठाऊक होतं. उद्या तेच हात मेजावरचं कापड उचलणार होते.

आणि दोन आठवडे ती पलंगावर झोपलेली नव्हती, खोलीतल्या आरामखुर्चीत बसून झोपत होती. आडवं झालं की छातीवर कोणी तरी बसल्यासारखं व्हायचं. हे तिने वहीत लिहिलं नव्हतं. वजन नव्हतं ना ते.

फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली नर्सचा नंबर होता. जूनपासून तो तिथे होता आणि तिने कधी लावला नव्हता, कारण तीन पौंड कधी वाढलेच नव्हते. न्हाणीघरात हातोडी चालू होती. तिने नंबर लावला. पाच-सात वेळा वाजल्यावर खरोखरच्या माणसाने उचलला. तरुण बाई होती, मागे दुसरे फोन वाजत होते. अर्नेस्टीनने नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली आणि मग पायपुसण्याचं सगळं सांगितलं. पलीकडची नर्स हसेल असं तिला वाटलं होतं. नर्स हसली नाही. तिने एकामागून एक प्रश्न विचारले. छातीत दुखतं का? बोलताना दम लागतो का? पाय किती सुजलेत? किती उशा घेऊन झोपता? अर्नेस्टीनने आरामखुर्चीचं सांगितलं. गोळी रोज घेता का? तिने खरं सांगितलं, बस, रविवार, बुधवार, मयत, सगळं.

नर्सने ते लिहून घेतलं.

“मिसेस टॉलिव्हर, ती गोळी सकाळीच घ्यायची असं काही नाही. दुपारी चर्चहून आल्यावर घेतली तरी चालते. बसच्या दिवशी घरी परतल्यावर.”

“बाटलीवर सकाळी लिहिलंय.”

“रात्री झोपमोड होऊ नये म्हणून लिहितात. तुम्हाला कोणी सांगितलं नाही हे?”

“कोणी विचारलं नाही, बाळ. मशीन फक्त वजन विचारतं.”

नर्सने तिला फोन धरून ठेवायला सांगितलं आणि ती डॉक्टरांशी बोलून आली. आता लगेच एक जादा गोळी घ्यायची. संध्याकाळी आणखी एक. उद्या घरीच राहायचं, चालणं अगदी कमी, पाय उंच. सोमवारी सकाळी साडेसातला हृदयाच्या दवाखान्यात यायचं. तिथे शिरेतून औषध देतात, चार तास खुर्चीत बसवतात आणि बरं वाटलं तर दुपारी घरी सोडतात.

“ते दाखल होणं झालं का?” अर्नेस्टीनने विचारलं. तिचा आवाज तिला स्वतःलाच लहान मुलीसारखा वाटला.

“नाही, मॅम. दाखल नाही. वेळेवर आलात तर बहुतेक लागणारही नाही. पण आज किंवा उद्या श्वास वाढला तर थांबायचं नाही. ॲम्ब्युलन्स. ह्यावर वाद नाही.” मग ती म्हणाली, “आणि ह्या दोन दिवसांत तुमच्याकडे लक्ष ठेवायला कोण आहे? घरी कोण असतं?”

“प्रभू असतो.”

“तो आहेच, मॅम. त्याच्याशिवाय?”

हातोडी थांबली होती. अर्नेस्टीनने न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं, मग खिडकीबाहेरच्या पायऱ्यांकडे. हा प्रश्न तिला नऊ वर्षांत कोणी विचारला नव्हता आणि त्याचं उत्तर तिने कधी जुळवून ठेवलं नव्हतं.

“मागच्या गल्लीतले डीकन आहेत,” ती म्हणाली. “ते येऊन बघतील. गाडीचं मात्र बघावं लागेल.” दवाखान्याची मोफत गाडी तीन कामाचे दिवस आधी सांगितली तर येते, हे नर्सला सांगावं लागलं नाही, तीच म्हणाली. पहिली बस सव्वासहाची, पण दोन बस आणि मधला उतारावरचा थांबा अशा पायांनी नको, असंही तीच म्हणाली.

फोन ठेवला तेव्हा डीकन हातोडी घेऊन दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, मी आज पुन्हा येईन, उद्या दोन्ही वेळा येईन, दार नाही उघडलंस तर नवी फळी काढून आत येईन. सोमवारी गाड्यावर खुर्ची ठेवून नेलंही असतं, पण तासाला चार मैल. बुधवारी पोचलो असतो.

“मी काय लाकूड आहे गाड्यावर घालायला?”

“टमाराकडे गाडी आहे,” तो म्हणाला.

टमारा विंगफील्ड, पस्तीसची, गल्लीच्या टोकाच्या घरात तीन वर्षांपूर्वी राहायला आलेली. ऑगस्टच्या बायकांच्या सभेत तिनेच उठून म्हटलं होतं की मदर टॉलिव्हरना आता आराम द्यायला हवा, मेजाची कापडं मी बघेन. सभेत सगळ्यांसमोर. तेव्हा अर्नेस्टीनने बसल्या जागेवरून म्हटलं होतं, पोरी, कापडं मेल्या माणसाकडून घेतात, मी अजून बसलेली आहे. बायका हसल्या होत्या. टमारा हसली नव्हती. त्यानंतर दोघींचं नमस्कारापलीकडे काही झालं नव्हतं, आणि पाच घरांच्या गल्लीत अर्नेस्टीनकडे तिचा फोन नंबरही नव्हता.

“ती म्हणेल, बघा, मी म्हटलं नव्हतं?” अर्नेस्टीन म्हणाली.

“म्हणेलही.”

“आणि मी काय म्हणू?”

डीकनने हातोडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “म्हण, सात वाजता.”

तो गेला. फटफट दूर जाईपर्यंत ती बसून राहिली. मग वही ओढून आजच्या तारखेखाली, सकाळच्या एकशे चौसष्टच्या शेजारी तिने एकशे सत्त्याहत्तर लिहिलं आणि त्याच्यापुढे लिहिलं, ‘खरं हे’. मागची पानं तिने खोडली नाहीत. खोडलं तर कसं कळणार की चूक कुठून सुरू झाली? आजच्या वचनाखाली प्रार्थनेची नावं लिहायची जागा होती. तिथे तिने टमाराचं नाव लिहिलं. ऑगस्टपासून ते एकदाही लिहिलेलं नव्हतं.

तिसऱ्या कापडाची राहिलेली कड राहिलीच. तिने तिन्ही कापडं घडी करून उशीच्या स्वच्छ खोळीत घातली. चौथं फ्रिजमधून काढून वेगळं घेतलं, तसंच ओलसर, पिशवीत गुंडाळलेलं. इस्त्री कशी करायची ते टमाराला सांगावं लागेल: आधी कडा, मग मध्य, आणि वरचं उचलताना दोन्ही कोपरे एकदम, घाई नाही. तिने जादा गोळी पाण्याच्या घोटाबरोबर घेतली. गोळी लागू व्हायला अर्धा तास. चालणं कमी, असं नर्स म्हणाली होती, पण टमाराकडे दुसऱ्या कोणाला पाठवण्यासारखं हे काम नव्हतं. गल्लीच्या टोकापर्यंत मधे आठ रिकाम्या जागा होत्या आणि प्रत्येकीच्या पुढे तीन पायऱ्या. मिसेस ओडमच्या पायऱ्यांवर बसायचं, मग गिल्यम भावांच्या, मग शाळेतल्या हेडबाईंच्या. ह्याआधी त्या पायऱ्यांवर ती बसली होती तेव्हा मागे दारं होती आणि आतून कोणी तरी विचारायचं, कोण आहे?

पांढरे बूट तिने दाराशीच ठेवले. चार्ल्सच्या जुन्या सपाता चढवल्या, त्या पायांत गेल्या. खोळ आणि पिशवी काखेत धरली आणि दार उघडलं.

टमारा विंगफील्डच्या घरी जायचं होतं, कापडं द्यायला आणि सोमवारी सकाळी सातला गाडी घेऊन येशील का, म्हणून विचारायला.